पत्त्यांचा सरकारी डेटा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये: एकदम ओतायचा, थोडा थोडा घ्यायचा, की बाहेरच ठेवायचा?

समजा, सरकारनं पत्त्यांची फाईल खुली केलीये, घरनंबर, रस्ता, पोस्टकोड, अक्षांश-रेखांश सगळं तयार, आणि इकडे ओपनस्ट्रीटमॅपवर (ओएसएम, लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) त्याच शहरात घरनंबर शोधून सापडत नाहीत. अशा वेळी हात शिवशिवतात, कबूल. पण ती फाईल वापरायचे मार्ग तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या परिस्थितीत बरोबर आहेत, त्यामुळे आपली परिस्थिती कुठली ते आधी बघा.

त्याच्याही आधी लायसन्स. फुकट डाऊनलोड होतंय म्हणजे ओएसएममध्ये चालेल असं नाहीये. ओएसएम २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाबेसच्या लायसन्सवर आहे. फाईलचं लायसन्स सीसी झिरो (सगळे हक्क सोडलेले) असेल तर प्रश्न नाही, पण सीसी बाय ४.० (श्रेय देऊन वापरा) असेल तर श्रेय देण्याच्या पद्धतीबद्दल मालकाकडून वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते आणि बरेच जण इथेच गडबडतात. गंमत बघा, ओएसएम २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं आणि तिथलीच पत्त्यांची पूर्ण यादी अजून विकतची आहे! लायसन्स बसत नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, सरळ पायी फिरून नंबर टिपा, स्ट्रीटकम्प्लीटसारखं ॲप त्यासाठी छान आहे, फक्त वेळ लागतो.

आता पहिला मार्ग, एकदम इम्पोर्ट. ओएसएमच्या विकीवर प्लॅन लिहायचा, त्या भागातल्या मॅपर (नकाशा भरणाऱ्या) लोकांशी चर्चा करायची, वेगळं अकाउंट काढायचं आणि मग अपलोड (एका चेंजसेटमध्ये, म्हणजे बदलांच्या एका गठ्ठ्यात, १०,००० बदलांची मर्यादा आहे, त्यामुळे तुकडे तसेही पडतातच). फायदा उघड आहे, शहर एका झटक्यात शोधता येतं. पण चुकाही त्याच झटक्यात येतात. अमेरिकेत २००७-०८ मध्ये टायगर नावाचा जनगणना खात्याचा रस्त्यांचा डेटा असाच देशभर ओतला, नकाशा भरला खरा, पण वाकडेतिकडे रस्ते लोक इतक्या वर्षांनीही सरळ करतायत. ते रस्ते होते, पत्ते नाहीत, तरी धडा तोच. उलट नेदरलँड्समध्ये ‘बाग’ (बीएजी) नावाच्या सरकारी नोंदवहीतून इमारती आणि पत्ते घेतले ते चांगलं जमलं, कारण ती नोंदवही तिथल्या नगरपालिका कायद्यानं अद्ययावत ठेवतात आणि मॅपरही भरपूर आहेत. माझं मत विचाराल तर नकाशा जवळपास कोरा असेल, डेटा खात्रीचा असेल आणि सांभाळणारी माणसं असतील, तरच हा मार्ग. तिन्ही लागतात, दोनावर भागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे भाग पाडून, माणसाच्या नजरेखालून घ्यायचं. न्यूयॉर्कमध्ये २०१३-१४ ला असंच केलं, शहराचे छोटे तुकडे, एकानं जोसम या नकाशा संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून आधीच्या नकाशाशी जुळवायचं, दुसऱ्यानं तपासायचं. साधारण दहा लाख इमारती आणि नऊ लाखांवर पत्ते असेच चढले. वेळ कशात जातो ते सांगतो, अपलोडला काहीच लागत नाही, सगळा वेळ जुळवणीत जातो. इमारतीत एकच पत्ता असेल तर तो इमारतीवर, अनेक असतील तर वेगवेगळे नोड, म्हणजे नकाशावरचे सुटे बिंदू. आधीच कुणी दुकानाच्या नोडवर पत्ता लिहिला असेल तर त्याचं काय करायचं ते आधी ठरवा, नाहीतर एकाच दारावर दोन पत्ते आणि सर्चमध्ये दोनदा. मग रस्त्यांची नावं. सरकारी फाईलमध्ये नावं आखूड केलेली असतात, ओएसएममध्ये पूर्ण लिहायची असतात, आणि ‘एसटी’ म्हणजे सेंट की स्ट्रीट हे नावं आपोआप बदलणाऱ्या स्क्रिप्टला विचारून बघा! फाईलमधलं नाव आणि नकाशावरच्या रस्त्याचं नाव एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी पत्ता रस्त्याशी नीट जुळत नाही. घरनंबरचंही तसंच, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मधे आडवी रेघ असलेला नंबर हा एकाच घराचा असतो, बाकी बऱ्याच ठिकाणी ती रेघ म्हणजे ‘इथपासून तिथपर्यंत’. हे फक्त तिथलं माहीत असलेला माणूसच पकडतो.

अजून एक, आणि हे मला स्वतःला उशिरा कळलं. पॉइंट नक्की कशावर आहे ते तपासा. काही फायलींमध्ये तो दारावर असतो, काहींमध्ये नुसता प्लॉटच्या मध्यावर. शहरात फरक पडत नाही, पण शेतातल्या घराला प्लॉटचा मध्य म्हणजे भलत्याच बांधावर.

तिसरा मार्ग लोक विसरतात, ओएसएममध्ये टाकायचंच नाही. तुम्हाला फक्त पत्ता शोधायची सोय हवी असेल तर नॉमिनॅटिम हे ओएसएमवर पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर टायगरचे घरनंबर (त्या डेटात रस्त्यांसोबत तेही असतात) ओएसएमबाहेरच्या वेगळ्या टेबलातून वाचू शकतं, आणि पेलियास हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर तर ओपनॲड्रेसेस या खुल्या पत्त्यांच्या संग्रहाचा डेटा आणि ओएसएम शेजारी शेजारी ठेवूनच चालतं. नवीन फाईल आली की जुनी काढून नवी लावायची, विषय संपला. तोटा असा की चुकीचा पत्ता दिसला तरी मॅपरला दुरुस्त करता येत नाही, आणि नुसत्या ओएसएमवर चालणाऱ्या ऑफलाइन ॲपला ते पत्ते दिसतच नाहीत. फ्रान्सवाल्यांनी मधला तोडगा काढलाय, २०१४ पासून बानो नावाचा वेगळा संच आहे, त्यात सरकारी आणि ओएसएमचे पत्ते एकत्र असतात आणि कुठल्या गावात काय कमी आहे ते दिसतं, मग तिथला कुणीतरी बघून भरतो. मला हा प्रकार सगळ्यात आवडतो, पण त्याला सर्व्हर आणि तो चालवणारे लोक लागतात.

मग कुठला घ्यायचा? एक प्रश्न विचारा, दोन वर्षांनी सरकारची नवीन फाईल आली की ती कोण जुळवणार? त्या वेळी तुमच्या टाकलेल्या पत्त्यांवर लोकांनी हातानं दुरुस्त्या केलेल्या असतील, काही इमारती पडल्या असतील, काही रस्त्यांची नावं बदलली असतील, सरळ वरून ओतून चालणार नाही. दोन-चार नावं डोळ्यासमोर आली तर दुसरा मार्ग घ्या. एकटेच असाल तर तिसरा, आणि सोबत स्वतःच्या ओळखीच्या भागापुरता दुसरा.

आणि काहीही ठरवलं तरी आधी फाईलमधले पन्नास पत्ते कुठलेही उचला, शक्यतो गल्लीबोळातले, आणि प्रत्यक्ष जाऊन दारावरच्या पाट्या बघून या. त्यातच दहा चुकले तर ती फाईल तशीच ठेवा आणि खात्याला कळवा.