जुन्या सहाचाकीचं स्टिअरिंग: नऊ महिने वापरल्यानंतर

डिसेंबरात स्टिअरिंगचं काम केलं, आता सप्टेंबर संपत आला. मधे गाडी २६ हजार किलोमीटर पळाली, बहुतेक खेपा माळशेज घाटावरून, आणि एक अख्खा पावसाळा तिनं अंगावर घेतला. म्हणून आत्ता लिहितोय. काम झालं त्याच संध्याकाळी कुणाचीही गाडी गुळगुळीतच चालते, त्याचं काही खरं नसतं.

गाडी २००९ ची सहाचाकी. पुढं सरळ एक्सल, पाटे, पॉवर स्टिअरिंग. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा वाशीला पोचवणं एवढंच तिचं काम. मालक मी, ड्रायव्हरही मीच, त्यामुळे दुखणं दुसऱ्यावर ढकलायची सोय नाही.

दुखणं एकदम आलं नाही. आधी खराब पट्ट्यात सावकाश चालताना खालून खटखट यायची. रिकाम्या गाडीला जास्त, भरलेल्या गाडीला कमी. मग सरळ रस्त्यावरही गाडी एका रेषेत राहीना. ती भटकायची आणि मी सारखा थोडं इकडे, थोडं तिकडे करत बसायचो. वाशीला उतरेपर्यंत खांदे भरून यायचे. आणि घाटात एक वळण संपवून उलटं वळण घेताना तळहाताला ‘खट्ट’ असा एकच ठोका लागायचा. हा ठोका आणि ती खटखट एकाच जागची, असं मी धरून चाललो होतो. तिथंच चुकलो.

प्ले, म्हणजे चाक हलण्याआधी स्टिअरिंग नुसतंच किती फिरतं, ते एकदा मोजून बघितलं. चाकं सरळ, इंजिन चालू, डॅशबोर्डला बांधलेल्या तारेचं टोक स्टिअरिंगच्या कडेला. भाचा खाली टायरकडे बघत बसला. टायर हलायला लागेपर्यंत एका बाजूला फिरवायचं, खूण करायची, मग दुसऱ्या बाजूला. “मामा, नऊ सेंटीमीटर!” माझं स्टिअरिंग ४५ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण २३ अंश झाले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम ३० अंशांपर्यंत चालवून घेतो. माझ्या गाडीत ते जवळजवळ १२ सेंटीमीटर होतात. म्हणजे कागदावर मी पास. त्याच नियमात पुढं असंही आहे की स्टिअरिंगच्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. तिथं मी नापास होतो, ते मात्र गाडीखाली शिरल्यावर कळलं.

त्याआधी एक उद्योग करून झाला होता. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात थांबलो, तिथल्या पोरानं खाली न बघताच स्टिअरिंग बॉक्सवरच्या (स्टिअरिंगचं फिरणं पुढं चाकांकडे पाठवणारी दात्यांची पेटी) स्क्रूला धरून ठेवणारा चेकनट सैल केला, स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि चेकनट परत मारून दिला. दहा मिनिटांचं काम, प्ले निम्मा गायब. मी खूश. दुसऱ्या दिवशी घाटात वळण घेतलं आणि स्टिअरिंग आपोआप परतच येईना. प्रत्येक वळणावर हातानं ओढून सरळ करावं लागलं. मागे दोनशे क्रेट टोमॅटो आणि पुढं दरी, अशा वेळी हे फार वाईट वाटतं.

असं का झालं, ते आमच्या गावच्या मिस्त्रींनी समजावलं. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून बॉक्समधले दाते मधेच झिजतात, कडेचे तसेच राहतात. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दाते एकमेकांत दाबून बसतात आणि वळणात स्टिअरिंग जाम वाटतं. “स्क्रू हे शेवटचं औषध. तुम्ही पहिल्याच दिवशी सलाइन लावलं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी तो होता तिथं परत आणला आणि आजतागायत त्याला कुणी हात लावलेला नाही.

खरी तपासणी अर्ध्या तासाची होती, आणि तिला पान्याचीसुद्धा गरज लागली नाही. गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, चाकं जमिनीवरच. इंजिन चालू, कारण पॉवर स्टिअरिंग बंद इंजिनवर खरं बोलत नाही. भाचा केबिनमध्ये बसून स्टिअरिंग थोडं डावं, थोडं उजवं करत राहिला. मिस्त्री खाली, मी त्यांच्या शेजारी. इंजिनच्या आवाजात खटखट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी एकेका जॉइंटवर तळहात ठेवला. बोटं फटीत घालायची नाहीत, नुसता तळवा वरून. ढिला जॉइंट असेल तर हाताला तो टिचका मारतो, कानानं शोधायची गरजच नाही.

वरून खाली आलो. कॉलमच्या (स्टिअरिंगच्या उभ्या दांड्याच्या) खालचा क्रॉस, म्हणजे तिथला वळता सांधा: किंचित हालचाल, चालण्यासारखी. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो आणि बॉक्सबाहेरचा हात, ड्रॉप आर्म, लगेच हलतो, म्हणजे बॉक्स तितका वाईट नाही. मग ड्रॉप आर्म आणि तिथून चाकाकडे जाणारा दांडा, ड्रॅगलिंक, यांचा जोड. तिथं माझाच हात नेऊन ठेवला त्यांनी. ड्रॉप आर्म आधी हलायचा, ड्रॅगलिंक मागून यायची, आणि मधे बॉल आपल्या वाटीत उडी मारायचा. रबरी टोपी फाटून लोंबत होती, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. प्लेचा मोठा वाटा इथला.

पण घाटातला ठोका इथला नव्हता. मिस्त्रींनी टॉर्च बॉक्सच्या बुडाशी धरला. चेसिसला बॉक्स धरणाऱ्या चार बोल्टांपैकी मागच्या खालच्या बोल्टाभोवती घासून चकचकीत झालेलं कडं होतं आणि कडेनं तांबूस पूड. बोल्ट जागेवर, नट जागेवर, वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. भाच्यानं जोरात स्टिअरिंग उलटं मारलं तेव्हा अख्खा बॉक्सच चेसिसवर केसभर सरकला. घाटातला जो ठोका मी दोन महिने बॉल जॉइंटचा समजत होतो, तो हा. नशीब चेसिसला चीर नव्हती. असती तर प्रकरण वेगळंच झालं असतं, आणि ती शोधायला ब्रॅकेटच्या आसपासची माती आधी खरवडून काढावी लागते.

शेवटी एक्सल जॅकवर घेतला, खाली घोडी लावली. चाक वर आणि खाली धरून हलवलं, डावं चाक डगडगलं. किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक डावं-उजवं वळतं ती) की चाकाचं बेअरिंग? भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर डगडग थांबली तर बेअरिंग, तरीही राहिली तर किंगपिन. राहिली. खडबडीत रस्त्यावरची खटखट आणि भटकणं यात तिचा वाटा होता. भरलेल्या गाडीत वजनानं किंगपिन एका बाजूला दाबून बसतो, म्हणून तेव्हा आवाज कमी.

म्हणजे तीन दुखणी, तीन जागा. नुसता एक भाग बदलून ‘गेलं का’ विचारत बसलो असतो तर तीन खेपा गॅरेजच्या झाल्या असत्या.

काम दोन दिवस चाललं. दोन्ही बाजूंचे किंगपिन-बुश-थ्रस्ट बेअरिंग, ड्रॅगलिंकचे दोन्ही एंड, बॉक्सचे चारही बोल्ट नवे. टायरॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड चांगले होते, ठेवले. बुश बसवून रिमर मारायला, म्हणजे भोक पिनेच्या मापाचं करायला, लेथवाल्याकडे नेले. इथं घाई करू देऊ नका. पिन बुशमध्ये हातानं सरकला पाहिजे पण खडखडता कामा नये. हातोड्यानं ठोकून बसवलेला किंगपिन पहिल्या दिवसापासून स्टिअरिंग जड करतो. कॅसल नटाची खाच स्प्लिट पिनेच्या भोकाशी जुळली नाही तर नट आणखी आवळून पुढच्या खाचेत आणायचा, मागं सोडायचा नाही. पुढच्या चाकांचं माप मिस्त्रींनी खडू आणि खिळ्यानं घेतलं, पुढून मागच्यापेक्षा जरा कमी ठेवलं. नंतर अलाइनमेंटच्या मशिनवर नेलं तेव्हा फारच थोडा फरक निघाला. मिस्त्रींनी त्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळं मिळून ११,५०० रुपये गेले. प्ले नऊवरून अडीच सेंटीमीटरवर आला.

आता नऊ महिन्यांचा हिशेब. बॉक्सचे बोल्ट: पहिल्या हजार किलोमीटरनंतर एकदा तपासून आवळले, दोन बोल्ट थोडे आवळले गेले. त्यानंतर कधीच नाही. खुणेसाठी नट आणि ब्रॅकेटवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवलीय, ती तुटली नाही म्हणजे नट फिरला नाही. ठोका पुन्हा कधी आला नाही. आतापर्यंत स्टिअरिंगवर केलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च हाच.

किंगपिन उत्तम आहेत, पण ते ग्रीसवर जगतात. दर पंधरा दिवसांनी एक्सल उचलून ग्रीस मारतो. वजन चाकांवर असताना मारलं तर ज्या बाजूला भार असतो तिथं ग्रीस शिरतच नाही. जुलैत डावं वरचं निप्पल घट्ट झालं, गनमधून ग्रीस बाहेरूनच ओघळायला लागलं. आळस केला असता तर बुश कोरडा पडला असता. बारा रुपयांचं निप्पल बदललं, आतून काळं ग्रीस निघून नवं बाहेर येईपर्यंत मारलं.

फसलो ते ड्रॅगलिंकच्या एंडवर. दुकानात दोन पर्याय होते, मी स्वस्तातले घेतले. मिस्त्री तोंड वाकडं करून म्हणाले, “बघा बुवा, तुमची गाडी.” सहाव्या महिन्यात, पाऊस सुरू झाल्यावर, ड्रॉप आर्मकडच्या एंडची रबरी टोपी शिवणीवर उकलली. पाणी आत, आणि ऑगस्टच्या मध्याला प्ले पुन्हा साडेचार सेंटीमीटर. बॉल हातानं फिरवला तर सुका करकरायचा. मग ओरिजिनल घेतला, दुप्पट पैसे मोजून. दुसऱ्या टोकाचा स्वस्तातला एंड अजून धरून आहे, त्याच्या टोपीकडे मी रोज संशयानं बघतो. भाग स्वस्त घ्यायचाच असेल तर दुसरीकडे घ्या, जिथं चिखल उडतो तिथं नको.

पुढच्या टायरची नक्षीही बोलते. आधी तळहात आडवा फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं कडा टोचायच्या. टायर तेच आहेत, टोचणं पुष्कळ कमी झालंय. खांदेही भरून येत नाहीत, पण ते मोजायला तार नाही.

आज सकाळी मोजला तेव्हा प्ले तीन सेंटीमीटर. वाढलेला अर्धा सेंटीमीटर कॉलमच्या क्रॉसचा असावा, कारण अंगणात गाडी जागेवर वळवताना तिथून हलकीशी ‘टक’ येते. क्रॉस आणून ठेवलाय, डॅशबोर्डच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून. गाडी आठ वर्षांपलीकडची, त्यामुळे पासिंग दरवर्षी, पुढचं डिसेंबरात. त्याच्या आधी बसवून घेईन म्हणतोय. भाचा म्हणतो, “मामा, दिवाळीच्या आधीच बसवा, नंतर कांदा सुरू होतो.”