यूडीआयडी कार्डाचं नूतनीकरण: कार्ड मिळालं, पार्किंग रामभरोसे

आधी निकाल सांगतो, पुराण नंतर. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्याचे अर्ज भरायच्या स्वावलंबन पोर्टलला पाचपैकी साडेतीन. इस्पितळातल्या तपासणीला चार. तिथल्या काउंटरला दोन, तेही नंतर भेटलेल्या एका बाईंमुळे. आणि ते कार्ड दाखवून गाडी लावायला जागा मिळते का, या प्रश्नाला भोपळा.

गोव्यातल्या फोंड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, सगळं चालतं. दिव्यांग कार्डाचे अर्ज मी स्वतःचा करायच्या आधीपासून लोकांचे भरून देत आलोय, त्यामुळे खाली लिहिलंय त्यातलं निम्मं गिऱ्हाइकांकडून शिकलेलं आहे. माझा डावा खुबा बोरीच्या उतारावर स्कूटर घसरली तेव्हा गेला. हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बिघडला, पाय आखूड झाला. तेव्हाच्या डॉक्टरांनी 'पुढे शस्त्रक्रिया झाली तर फरक पडेल' म्हणून पाच वर्षांचं तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं. माझ्या साखरेमुळे शस्त्रक्रिया रेंगाळली ती रेंगाळलीच. मुदत मात्र ठरल्या दिवशी संपायला आली.

नियम तसा सोपा आहे, पण तो सरळ सांगणारा माणूस भेटायला नशीब लागतं. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे, आणि त्या नियमांत ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. अपंगत्व बदलण्यासारखं नसेल तर प्रमाणपत्र कायमचं, त्याला नूतनीकरण नाही. बदलायची शक्यता असेल तर डॉक्टर मुदत घालतात आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी. कार्डावरची तारीख प्रमाणपत्रावरून येते. म्हणून 'भाऊ, कार्ड रिन्यू करून द्या' म्हणत कुणी आलं की मी त्याला आधी प्रमाणपत्र दाखवायला सांगतो. कितीतरी जणांचं प्रमाणपत्र कायमचंच असतं, फक्त कार्ड हरवलेलं किंवा पत्ता बदललेला असतो. त्यासाठी पोर्टलवर वेगळे पर्याय आहेत आणि त्यांना तपासणी लागत नाही. घाईत 'नूतनीकरण' दाबलं की मात्र चांगला धडधाकट कागद असलेला माणूस उगाच डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहतो.

मुलांचं वेगळं. माझ्या भाचीला वाचन-लेखनाची अडचण आहे, ज्याला सरकारी भाषेत विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. तिथे चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्याला मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. बहिणीला हे शाळेने सांगितलं नव्हतं. दहावीच्या सवलतीचा विषय निघाला तेव्हा तिची धावपळ झाली.

आता पोर्टल. पैसे काहीही लागत नाहीत, हे आधी सांगतो, कारण फॉर्म भरण्याचे तीनशे-चारशे घेणारे लोक आहेत आणि ते 'सरकारी फी' म्हणून घेतात. (मी घेतो ते स्कॅनिंगचे आणि वेळेचे, आणि तसं तोंडावर सांगतो.) जुना यूडीआयडी क्रमांक आणि जन्मतारीख टाकायची, मोबाइलवर ओटीपी येतो. जुना मोबाइल नंबर बंद झाला असेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून आधी तो बघा. फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना नको, आणि तो अगदी थोड्या केबीत बसवायचा असतो. फोनवरून सेल्फी चढवणारे इथेच रडतात. आधारवरचं आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळायला हवं. गोव्यात हे प्रकरण सरळ नसतं. एकाच घरात बापाचं आडनाव पोर्तुगीज वळणाचं आणि पोराचं इंग्रजी वळणाचं, रोमी लिपीत दोन्ही वेगळी, आणि आडनाव एकच, नाईक.

आणखी एक खास फोंडेकरांसाठी. आपला तालुका २०१५ साली उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. जुनी प्रमाणपत्रं उत्तरेची आहेत, पोर्टलवर पत्त्याला दक्षिण निवडावी लागते, आणि निवडलेल्या जिल्ह्याप्रमाणे खाली इस्पितळांची यादी उघडते. जुन्या कागदाकडे बघून उत्तर निवडणारी मंडळी मग पत्त्याचा पुरावा जुळत नाही म्हणून परत येतात. अर्धा गुण मी या यादीसाठी कापलाय. एक गुण कापलाय तो सर्व्हरसाठी. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या चालतो, अकरानंतर नुसता गोल फिरत राहतो.

अर्ज गेला की इस्पितळ तपासणीला बोलावतं. २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. माझं त्याच्या आत झालं, पण मधल्या काळात जुन्या कार्डाची तारीख उलटली असती तर सवलती लटकल्या असत्या. म्हणून मुदत संपायच्या चार-पाच महिने आधी अर्ज टाका, असं मी सगळ्यांना सांगतो. अर्ज दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिला तर तो बाद समजतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, तेव्हा 'बोलावतील तेव्हा जाऊ' म्हणून स्वस्थ बसू नये.

इस्पितळाचं नाव लिहीत नाही. सरकारी आहे, एवढं पुरे. काउंटरवरचा तरुण मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आयज बोर्ड ना. फाल्यां येयात." फाल्यां म्हणजे उद्या, पण त्या काउंटरवर त्याचा अर्थ 'इथून निघा' एवढाच होता, कारण दुसऱ्या दिवशीही बोर्ड (तपासणाऱ्या डॉक्टरांचं मंडळ) नव्हता. बाकावर माझ्या शेजारी सांग्याहून आलेले एक आजोबा होते. त्यांनी बस बदलून बदलून इथवर गाठलेलं. बोर्ड कोणत्या वारी बसतो याची एक ओळ दारावर चिकटवायला काय जातं? एक ए-फोर कागद. म्हणा तर मी छापून देतो, फुकट. शेवटी आतल्या एका बाईंनी वार सांगितला, आजोबांना स्वतःचा फोन नंबर लिहून दिला आणि मला म्हणाल्या, "पात्रांव, निघताना आधी फोन करा." दोन गुण त्यांचेच.

तपासणीत मात्र मला फारशी खोट काढता येत नाही. अस्थिरोग विभागातल्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवलं आणि कोन मोजायचं साधन काढलं. दोन पट्ट्या, मध्ये खिळा, कंपासपेटीतल्या कोनमापकाची मोठी बहीण. एक पट्टी कमरेशी धरली, दुसरी मांडीबरोबर फिरवली. पाय पोटाकडे किती येतो, बाहेर किती उघडतो, आत किती वळतो, प्रत्येक आकडा बोलून शिकाऊ डॉक्टर मुलीला लिहायला लावला. मग टेप घेऊन कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. मी विचारलं तेव्हा समजावलंही: पाय आखूड असण्याचे टक्के केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे काढतात, की पहिला अर्धा इंच धरतच नाहीत, आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के. माझ्या लंगडण्याचा असा हिशेब कुणी मला पहिल्यांदाच समोर बसून सांगितला. मला तो आवडला. 'अरेरे' म्हणणाऱ्यांपेक्षा टेप घेऊन मोजणारा माणूस कधीही बरा.

डॉक्टरांनी जुने एक्सरे आणि नवे एक्सरे शेजारी ठेवले, आणि यावेळी कायमचं लिहिलं. ५२ टक्के. टक्केवारी पटली नाही तर कायद्यात अपिलाची सोय आहे, पण मला तक्रार नव्हती. ज्यांना पुन्हा तात्पुरतंच मिळतं त्यांनी कारण विचारावं. विचारल्यावर डॉक्टर सांगतात, न विचारता कुणी सांगत नाही.

कार्ड टपालाने घरी येतं, त्याआधी ई-कार्ड उतरवून घेता येतं. माझं पिवळं. चाळीसच्या आत पांढरं, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं, असे रंग नियमातच आहेत. प्लास्टिक चांगलं आहे, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, लॅमिनेट करायला जाऊ नका. एक मात्र ध्यानात असू दे. सगळीकडे हे एकच कार्ड चालेल असं सांगतात, पण रेल्वेच्या सवलतीचं ओळखपत्र रेल्वे वेगळं देते.

आता भोपळ्याकडे येतो. क्लच नको म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. डावा पाय पूर्ण बाहेर काढायला मला दार सताड उघडावं लागतं, अर्ध्या दारातून मी उतरूच शकत नाही. सुगम्यतेच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांसाठीची पार्किंगची जागा ३.६ मीटर रुंद आणि पाच मीटर लांब सांगितलीय, इमारतीच्या दारापासून तीस मीटरच्या आत. ती जादा रुंदी नेमकी या दारासाठी असते. पणजीत एका ठिकाणी मला तशी चौकट सापडली, निळा रंग, खुर्चीचं चित्र, सगळं. चित्रातल्या खुर्चीच्या चाकावर एक बुलेट उभी, शेजारी दोन स्कूटी, आणि कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग. पावती फाडणाऱ्या पोराला मी नवंकोरं कार्ड दाखवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हें हॉस्पिटलांत चलता, काका. हांगा पावती लागता."

त्या पोराचा तरी काय दोष? कार्ड माझी ओळख सांगतं, टक्के सांगतं. गाडीच्या काचेवर ठेवायचा, बाहेरून वाचता येईल असा परवाना त्यासोबत येत नाही. २०२० पासून गाडीच्या नोंदणीत मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' लिहिता येतं, पण तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. आणि काचेवरचं निळं स्टिकर? ते बाजारात कुणालाही मिळतं. त्यावर नाव नाही, क्रमांक नाही, मुदत नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्याचं कलम ९१ आहे. पण जिथे परवानाच नाही तिथे लबाडी पकडायची कशावरून?

माझी मावसबहीण इंग्लंडात स्विंडनला असते. अर्धा गोवा तिथेच आहे म्हणा. तिच्या सासूबाईंकडे तिथला ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांसाठीचा पार्किंग परवाना, आहे. तो गाडीचा नसून माणसाचा असतो, म्हणजे सासूबाई ज्या गाडीत बसतील त्या गाडीत तो ठेवायचा. नगरपालिका देते, फी जास्तीत जास्त दहा पौंड, मुदत बहुतेक तीन वर्षं, आणि तो आपोआप नवा होत नाही, दर वेळी अर्ज करावा लागतो. दुसऱ्याचा बॅज वापरला तर हजार पौंडांपर्यंत दंड. बहीण या दर तीन वर्षांच्या अर्जाला वैतागते. मी तिला म्हटलं, बाय, तुझा वैताग मला दे आणि माझी बुलेट तू घे. त्या मुदतीमुळेच तर मेलेल्या माणसाचा बॅज दहा वर्षं काचेवर राहत नाही. मला माझ्या खुब्यासाठी कायमचं प्रमाणपत्र हवं होतं आणि ते मिळालं, पण पार्किंगचा परवाना निघालाच तर तो मुदतीचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यात २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. त्या दिवसांत पणजीत रॅम्प येतात, स्वयंसेवक येतात, गाडी दारापर्यंत नेता येते. म्हणजे जमतं. उरलेल्या वर्षात का जमत नाही, हे मी राज्य दिव्यांगजन आयुक्तांच्या कार्यालयाला लेखी विचारलंय. काचेवर ठेवायचा, क्यूआर कोड असलेला, यूडीआयडी क्रमांकाला जोडलेला साधा कागद द्या, एवढीच मागणी आहे. क्यूआर कार्डावर आहेच, नवीन काही शोधायचं नाही.

तोवर निळी स्टिकरं मागायला लोक माझ्याच दुकानात येतात. मी कार्ड बघितल्याशिवाय छापून देत नाही. शेजारचा देतो, तीस रुपयांत, दोन घेतली तर पन्नास.