घाईच्या पॅलिओ रात्री: खोक्यातलं नारळाचं दूध

पॅलिओ म्हणजे धान्य, डाळी आणि दूधदुभतं वर्ज्य असलेला आहार. त्यात भात, पोळी, डाळ, दही सगळं बाद झाल्यावर रात्रीच्या जेवणाला रस्सा कशाचा करायचा? नारळ खवून-वाटून-पिळायला वेळ नसेल तर २०० मिलीचा खोका कामाचा आहे. नारळाच्या दुधाची पावडर मात्र टाळा. अनेक पावडरींत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) असतं आणि सोडियम कॅसिनेट, म्हणजे चक्क दुधाचं प्रथिनही असतं. खोक्यावर नारळाचा अर्क, पाणी आणि फार तर ग्वार गम एवढंच हवं. (हा गम गवारीच्या बियांचा; गवार शेंगवर्गातली म्हणून कट्टर मंडळी तेही नाकारतात. एवढ्यावर अडू नये.)

दोघांसाठी २ चमचे खोबरेलात कांदा, ६ लसूण पाकळ्या, हळद, दीड चमचा तिखट परता. अर्धी वाटी पाणी आणि मीठ घाला. उकळी आली की सोललेली ३०० ग्रॅम कोळंबी ३ मिनिटं शिजवा. जास्त झाली की रबर होते. आता आच मंद करून खोका हलवून ओता, २ मिनिटांत गॅस बंद. खळखळ उकळलं तर दूध फाटून तेल वेगळं होतं. ४ कोकमंही शेवटीच, आंबटानेही ते फुटतं.

सोबत भाताऐवजी किसलेला फ्लॉवर कोरड्या कढईत, झाकण न ठेवता ५ मिनिटं परता. झाकलात की लगदा.

ताज्या दुधाचा वास याला नाही, लसूण-तिखटात ते खपून जातं. सोलकढीला मात्र हा खोका नकोच.