दाढीचा फेस: मगात घोटायचा की वाडग्यात?

ब्रशने दाढी करायची ठरली की रेझर आणि ब्रश यांची निवड चवीचवीने होते. फेस कशात घोटायचा हे मात्र हाताला लागेल त्या भांड्यावर सोडलं जातं आणि बहुतेक वेळा हाताला लागतो एखादा जुना मग. त्यात भागतं का? भागतं, पण तुम्ही साबणाची वडी वापरत असाल तर. ट्यूबमधलं क्रीम असेल तर दोनचार दिवसांतच चिडचिड सुरू होते. म्हणून मग की वाडगा हे ठरवण्याआधी आपण काय घोटणार आहोत ते बघा.

मगाचा आकार वडीला साजेसा असतो. साधा मग आतून साधारण ८ सेंटिमीटर रुंद आणि ९-१० सेंटिमीटर खोल. दाढीचा ब्रश मुठीसकट जेमतेम १०-११ सेंटिमीटर उंच. रिकाम्या मगात ब्रश तळाला टेकवला की बोटंही आत उतरतात आणि पेरं काठावर आपटत राहतात. तळाशी वडी बसवली की तळच दोन-तीन सेंटिमीटर वर येतो, मूठ काठाबाहेर राहते आणि अरुंदपणा उपयोगी पडतो, कारण ब्रश इकडेतिकडे न भरकटता वडीवरच फिरतो. फक्त वडी घट्ट बसायला हवी. सुटी राहिली तर ब्रशबरोबर तीही गरगर फिरते आणि साबण काही निघत नाही. वडीचं बूड ओलं करून दाबून बसवा आणि रात्रभर सुकू द्या. दाढी झाल्यावर मगातलं पाणी ओतून टाकायला विसरू नका, नाहीतर वडीचा लगदा होतो.

क्रीमची गोष्ट वेगळी. नखाएवढं क्रीम अरुंद मगाच्या तळाशी टाकलं तर त्यातलं निम्मं कडेच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि ब्रशची टोकं तिथे पोचत नाहीत. इथे पसरट वाडगा हवा: आतून ११ ते १३ सेंटिमीटर रुंद, ५-६ सेंटिमीटर खोल, तळ गोलसर, कोपरा नसलेला. त्यात घोटताना नजरेला सगळं दिसतं आणि माझ्या मते वाडग्याचा खरा फायदा हाच. सुरुवातीला बुडबुडे मोठे असतात, फसफस आवाज येतो, कडेला पाणचट थर सुटतो. थांबायचं नाही. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज बसतो आणि ब्रशमागे रेघ उमटून तशीच राहते. रेघ कोरडी, मातकट दिसली तर पाण्याचे दोनतीन थेंब; भरून यायला लागली तर आणखी थोडं क्रीम. खोल मगात हे अंदाजाने करावं लागतं. शिकाऊ माणसाने तर वाडगाच घ्यावा.

ब्रशचाही विचार हवा. २६ मिलिमीटरच्या जाड झुपक्याचा, मऊ केसांचा ब्रश मगात कोंबला की त्याला पसरायला जागाच उरत नाही. २२ मिलिमीटरच्या आसपासचा, ताठ केसांचा ब्रश मगातही चालतो. कृत्रिम केस पाणी फारसं धरत नाहीत, म्हणून अशा ब्रशला भांड्यात थोडं पाणी हाताशी लागतं, आणि ते वाडग्यात सोयीचं पडतं.

वाडग्याचं दुखणं एकच, पण रोजचं: साबणाच्या हातातून तो निसटतो. मगाला कान असतो, वाडग्याला बहुधा नसतो. त्यामुळे तळहातात नीट बसेल, खाली कडं असेल म्हणजे बोटं अडकतील, असा बघा. कान असलेला पसरट वाडगा मिळाला तर उत्तमच, मग वडी असो की क्रीम.

आता कशाचा घ्यायचा? चिनी मातीचा जाड आणि जड असतो. घोटताना सरकत नाही, पण हातातून सुटला की संपला. तो ऊब धरतो हे खरं, अट एवढीच की आधी त्यात गरम पाणी भरून ठेवावं लागतं. गार वाडगा उलट फेसातलीच ऊब ओढून घेतो. स्टीलचा फुटत नाही; एकपदरी असेल तर फेस लवकर गार होतो, दुपदरी असेल तर बराच वेळ कोमट राहतो. प्लास्टिक हलकं, म्हणून घोटताना हातात डुगडुगतं. प्रवासाला मात्र तेच बरं. लाकडी वाडगा दिसायला छान, पण रोज भिजून-सुकून त्याला चिरा पडतात. त्यात वडी ठेवा, फेस घोटू नका.

दुहेरी भिंतीचं एक भांडंही मिळतं, त्याच्या पोकळीत गरम पाणी ओततात आणि वर फेस ऊबदार राहतो. थंडीत सुख आहे, पण ते धुणं आणि वाळवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

आतल्या कंगोऱ्यांचं कौतुक जरा जास्तच होतं. खरखरीत पृष्ठभागाने फेस लवकर फुलतो, हे खरं. पण गुळगुळीत वाडग्यातही मिनिटभर जास्त घोटलं की तोच फेस येतो, आणि धारदार कंगोऱ्यांवर केसांची टोकं झिजतात ते निराळंच. घ्यायचेच असतील तर बोट फिरवून बघा: टोचत असतील तर नकोत. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा चिकट पांढरा थर खाचांतच आधी बसतो आणि घासून काढावा लागतो. अशा पाण्यात साबणही जास्त लागतो, भांडं कुठलंही असो.

आणि फेस थेट गालावर करत असाल तर यातलं काहीच घ्यायची गरज नाही. ज्यांना नक्की ठरत नाही, त्यांनी घरातला एखादा वापरात नसलेला पसरट वाडगा आठवडाभर वापरून बघावा. पेरं काठाला लागतात का, फेस बाहेर उडतो का, हात घसरतो का, हे कळलं की नव्या वाडग्याचं माप आपोआप ठरतं. रंग नंतर बघता येईल.