फ्लुओझिन-३: झिंक शोधायचा डाय, दोन वर्षं वापरून

गेली दोन वर्षं लॅबमध्ये हा डाय (झिंक भेटलं की चमकणारा रंग) वापरतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. २००२ मध्ये आलेला हा प्रोब म्हणजे कॅल्शियमच्या फ्लुओ डायचाच भाऊबंद, फक्त आयन धरणारा एक हात कमी केलाय त्यामुळे कॅल्शियमला सहज दाद देत नाही आणि झिंक मात्र घट्ट धरतो, केडी (निम्मा डाय झिंकने भरतो ती पातळी, जितकी कमी तितकी पकड घट्ट) साधारण १५ नॅनोमोलर. ४९४ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की ५१६ च्या आसपास हिरवा चमकतो. आमच्याकडे निळी एलईडी आणि नारिंगी फिल्टर आहे, त्यातून बघत क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या छोट्या पारदर्शक नळीत) झिंकचा थेंब सोडला की थेंब पडला तिथूनच हिरवी रेघ पसरत जाते, अजूनही मला ते बघायला फार आवडतं.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला दोन आठवडे माझा ब्लँकच (झिंक न घातलेलं तुलनेचं सॅम्पल) चमकत होता. पाणी बदललं, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बदलला, काही फरक नाही. ईडीटीए (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) टाकला की सिग्नल खाली, म्हणजे झिंक खरंच होतं, पण येतंय कुठून? शेवटी लक्षात आलं की पिपेटच्या टिप्स मी हातमोजे घालून हाताने बॉक्समध्ये लावत होते. लॅटेक्स काय आणि नायट्राइल काय, रबर बनवताना झिंक ऑक्साइड वापरतात, तेच टिपवरून थेट सॅम्पलमध्ये! रॅकमधल्या तयार टिप्स घेतल्या, काचेऐवजी पातळ नायट्रिक ॲसिडने धुतलेलं प्लास्टिक वापरलं आणि ब्लँक खाली बसला. ज्यांना डाय खराब आलाय असं वाटतं त्यांनी आधी हे तपासा प्लीज.

नळाचं पाणी तपासायला मात्र हा घेऊ नका. पिण्याच्या पाण्यात झिंकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ७६ मायक्रोमोलर, तिथे हा केव्हाच भरून जातो, मग हजारपट पातळ करत बसा. त्यासाठी एएएस (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, धातूंचं प्रमाण मोजायची पद्धत) बरं. शिवाय हा फक्त मोकळं झिंक दाखवतो, प्रोटीनला चिकटलेलं दिसत नाही, आणि कॅडमियमलाही चमकतो, त्यामुळे इंडस्ट्रीचं सांडपाणी असेल तर आकडा झिंकचाच आहे असं धरून चालू नका.

डायबद्दल तक्रार नाही, डिलिव्हरीबद्दल आहे. एकदा पार्सल आलं तेव्हा आइसपॅक पूर्ण वितळलेले, डीलर म्हणतो चालतं, मी म्हटलं नाही चालत, फोटो पाठवले तेव्हा कुठे बदलून मिळालं. तर पार्सल आलं की लगेच उघडा.

डायचं पोटॅशियम सॉल्ट पाण्यात सरळ विरघळतं, पण ते पेशीत शिरत नाही, पेशींसाठी एएम फॉर्म (पेशीत शिरू शकणारं रूप) घ्या. स्टॉकचे (मूळ दाट द्रावणाचे) छोटे छोटे अलिकोट म्हणजे वाटे करून फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवा, एकच ट्यूब रोज काढ-घाल करू नका. महाग आहे खरा पण एका वेळी लागतो मायक्रोमोलरमध्ये, माझी छोटी व्हायल वर्षभर पुरली. पाचपैकी साडेचार.