गच्चीवरचं वॉटरप्रूफ कोटिंग : एका पावसाळ्यानंतर

आमची बिल्डिंग मुलुंडची, बरीच जुनी, आणि आम्ही शेवटच्या मजल्यावर. जुलै लागला की बेडरूमच्या छताला ओल यायची, पोपडे सुटून गादीवर पडायचे. 2025च्या एप्रिलमध्ये सोसायटीने अखेर गच्चीवर पांढरं ॲक्रिलिक कोटिंग मारून घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बादलीवरच्या नावापेक्षा काम कसं केलंय यावर जास्त अवलंबून असतं, असं माझं मत झालंय.

आधी चांगलं सांगतो. गळती थांबली. पांढऱ्या रंगामुळे मे महिन्यात खालची खोली पूर्वीइतकी तापली नाही, हा फायदा तर कोणी मोजलाच नव्हता. गवंड्याने भेगा खरवडून भरल्या, पॅराफिटच्या म्हणजे कठड्याच्या कडेला सिमेंटची गोलाई काढली, त्यावर फायबरची जाळी बसवली, प्रायमर मारला आणि मग दोन हात, एक उभा, एक आडवा. पाणी शिरतं ते बहुतेक कोपऱ्यांतून आणि पाइपांच्या भोवतीनं, त्यामुळे तिथे घाई करणारा माणूस असेल तर काम देऊच नका. जमीन पूर्ण कोरडी हवी. आतली ओल बाहेर यायला बघते आणि कोटिंगला फुगे धरतात. 2025मध्ये मान्सून 26 मेलाच मुंबईत दाखल झाला, नेहमीची तारीख 11 जून. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात करू’ म्हणणाऱ्या शेजारच्या सोसायटीचं काम राहिलं ते राहिलंच.

आता तक्रार. ॲक्रिलिकला साचलेलं पाणी सोसत नाही. पाणी वाहून गेलं तर ठीक, दिवसेंदिवस तुंबलं तर ते मऊ पडतं आणि सुटू लागतं. आमच्या टाकीमागे उतार नीट नाही, तिथे सप्टेंबरपर्यंत हातभर पापुद्रा निघाला आणि खाली हिरवं शेवाळ. बाकी गच्ची शाबूत. विकताना हे कोणी सांगत नाही. जिथे पाणी साचणारच, तिथे पॉलियुरेथेनचं महाग कोटिंग तरी घ्यावं किंवा आधी उतार दुरुस्त करावा.

म्हणून खरं काम पाणी काढण्याचंच. जुलैच्या एका मुसळधार दुपारी वर गेलो तर घोट्यापर्यंत पाणी. आउटलेटच्या जाळीत हात घातला, तर पिंपळाची पानं, कबुतरांची पिसं, संक्रांतीपासूनचा मांजा आणि कुणाच्या तरी केबलचा तुकडा, सगळ्याचा मिळून एक बोळा. तो ओढल्यावर पाणी घळाघळा गेलं. हिशोब करून बघा : हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार टनांच्या वर वजन, तेही जुन्या स्लॅबवर.

माझा मावसभाऊ टोरंटोला असतो. तिकडे तो लांब दांडीच्या फावड्याने जमिनीवर उभा राहूनच छपरावरचा बर्फ ओढतो. घराच्या उबेने बर्फ खालून वितळतो, कडेला पुन्हा गोठून बांध घालतो आणि मागे तुंबलेलं पाणी कौलांखालून आत शिरतं. तरी छप्पर खरवडायला नको म्हणून तो बर्फाचा पातळ थर मुद्दाम ठेवतो. आमच्याकडे वॉचमन शेवाळ काढायला लोखंडी खराटा घेऊन आले होते, त्यांच्या हातून काढून घेतला. कोटिंगवर फक्त रबरी वायपर आणि मऊ झाडू.

ज्यांना करायचंय त्यांनी मार्चमध्येच सुरुवात करा. गच्ची सामायिक असते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, शेवटच्या मजल्यावरच्यांचा नव्हे. आमच्या सेक्रेटरींना हे पटवायला दोन पावसाळे गेले. काम देण्याआधी आउटलेट तुंबवून गच्ची दोन दिवस पाण्याने भरून बघा, गळतं कुठे ते कळेल. मग ती पूर्ण वाळू द्या. कंत्राटदार नाक मुरडतो, मुरडू द्या.