सोया, पॅराफिन की मधमाशांचं मेण: कुठली मेणबत्ती घ्याल?

खोलीत मंद सुवास हवा असेल आणि मेणबत्ती काचेच्या ग्लासात लावायची असेल, तर मी सोयाच घ्या म्हणेन. लाइट गेल्यावर ताटलीत उभी करायला मात्र पॅराफिनचीच बरी.

सोयाचं मेण म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. वनस्पती तूप होतं तीच पद्धत, फक्त ते आणखी घट्ट केलेलं. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मेणबत्तीसाठी वापरात आलं. घरीही जमतं. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात अर्धा किलो चुरा वितळवायचा, ८० अंशांच्या आसपास ४० ग्रॅम सुगंधी तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळायचं आणि ६० अंशांच्या सुमारास वात बसवलेल्या ग्लासात ओतायचं. मग आठवडा-दोन आठवडे हात लावायचा नाही. तेवढ्यात सुवास मुरतो. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलावर दिसतात तशी पांढरी फुलं काचेआड उमटली, तर मेण बिघडलंय असं समजू नका, सोया असंच गोठतं.

पॅराफिन खनिज तेलातून निघतं. ते स्वस्त, कडक, रंग छान धरणारं आणि वासही जोरात सोडणारं. ग्लासात ओतायचं सोया साधारण पन्नाशीतच वितळतं, म्हणून ते ग्लासाशिवाय उभं राहत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर पाणी झालेलं सापडेल. पण जळतं सावकाश, आणि सांडलं तर गरम पाणी-साबणानं निघतं. (वितळलेलं मेण बेसिनमध्ये मात्र ओतू नका, नळीत गोठतं.)

मधमाशांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं. ते कडक असतं, स्वतःचा मधाळ वास घेऊन येतं आणि बराच वेळ पुरतं. महाग आहे, पण कृत्रिम सुगंध सोसत नसेल तर पैसे तिथेच घाला.

'सोयाला काजळी धरत नाही' या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका. वात लांब राहिली किंवा वारा लागला की कुठलीही मेणबत्ती काजळी धरते. दर वेळी लावण्याआधी वात अर्ध्या सेंटिमीटरवर कातरा. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा सगळा थर कडेपर्यंत वितळू द्या, नाहीतर मधेच विहीर पडते आणि कडेचं मेण वाया जातं. आणि डब्यावर 'सोया ब्लेंड' लिहिलं असेल, तर त्यात पॅराफिन किती हे दुकानदाराला विचारूनच घ्या.